दक्षिण स्पेनमध्ये सायकलने नऊ दिवस: कोणते रस्ते शांत, आणि का

नाशिकच्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. वय ५२ आणि ४९. दोघंही नियमित सायकल चालवतात, पंढरपूरची सायकलवारी दोनदा झाली आहे. एप्रिलमध्ये नऊ दिवस मिळणार आहेत. मालागाला उतरायचं आणि रोंदा, सेव्हिल, कोर्दोबा, ग्रानादा आणि त्याच्या दक्षिणेचा आल्पुखारा हा डोंगराळ मुलूख करत परत मालागा गाठायचं, दिवसाला सरासरी १०० किलोमीटर. ट्रक-बसची वर्दळ नको, दऱ्याखोऱ्यांतले शांत रस्ते हवेत. जमेल का? आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय, "पत्नीला चढाचं काही वाटत नाही, उताराची मात्र भीती वाटते."

मी तेरा वर्षं ग्रानादाजवळ राहतो. दर वसंतात आणि पावसाळी हवा सुरू व्हायच्या आधी चार-सहा जणांना घेऊन याच डोंगरांत फिरतो. त्यात भारतातून आलेलेही बरेच असतात. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

९०० किलोमीटर तुम्ही कराल, तेवढा दम पंढरपूर करणाऱ्या माणसात असतो. पण तुम्ही मागताय शांतता, आणि आखलंय अंतर. या दोन गोष्टी एका नकाशावर बसत नाहीत. सेव्हिल ते कोर्दोबा हा ग्वादलकिवीर नदीचा सपाट, मोठ्या शेतांचा पट्टा. त्यातल्या एसिखा गावाला इथले लोक अंदालुसियाचा, म्हणजे दक्षिण स्पेनच्या या प्रांताचा, तवा म्हणतात, इतकं ते उन्हाळ्यात तापतं. एप्रिलमध्ये तेवढं ऊन नसतं, पण सपाट मुलखात मोठ्या रस्त्यांना पर्याय कमी आणि वाहनं जास्त. १०० किलोमीटरचा आकडा गाठायचा म्हटलं की माणूस आपोआप मोठ्या रस्त्याला लागतो. म्हणून तो मधला भाग मी सरळ काढून टाकायला सांगेन. सेव्हिल, कोर्दोबा बघायचीच असतील तर पुन्हा कधी रेल्वेने जा, सायकल न घेता. त्या शहरांचाही त्यात मान राहतो.

आता शांत रस्ता कसा ओळखायचा ते सांगतो. हे एकदा कळलं की माझ्या यादीची तुम्हाला गरज उरणार नाही.

इथले रस्ते शांत आहेत ते मुलूख निर्मनुष्य आहे म्हणून नव्हे. आधी एक रस्ता होता, त्याच्यावरून सगळी ये-जा व्हायची. मग शेजारून चौपदरी महामार्ग गेला, ट्रक आणि घाईतली माणसं तिकडे वळली, आणि जुना रस्ता जागच्या जागी राहिला. डांबर चांगलं, वळणं नीट आखलेली, चढ बेताचा, कारण तो जुन्या काळच्या भरलेल्या ट्रकांसाठी बांधलेला होता. सायकलवाल्याला याहून चांगलं काय मिळणार? उदाहरण घ्या. ग्रानादाहून समुद्राकडे जायला आज ए-४४ हा महामार्ग आहे. त्याच्या पश्चिमेला आल्मुन्येकारहून डोंगर चढून ग्रानादाकडे येणारा ए-४०५० हा रस्ता आहे, त्याला लोक 'कार्रेतेरा दे ला काब्रा' म्हणतात, म्हणजे शेळीवाट. घाई असलेला कोणीही त्या वाटेने येत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्या घाटात मी तासभर चढलोय आणि तेवढ्यात चार गाड्या भेटल्यात.

म्हणून नकाशा उघडलात की आधी महामार्ग शोधा आणि मग त्याच्या आजूबाजूला जुना रस्ता कुठे आहे ते बघा. दुसरी खूण रस्त्याच्या क्रमांकात असते. ए-७, ए-४५, ए-९२ असे एक-दोन आकडी क्रमांक म्हणजे महामार्ग. ए-३४८, ए-४१३२ असे तीन-चार आकडी म्हणजे साधारणपणे प्रांताचे साधे रस्ते. आणि जीआर, एमए, सीए अशा जिल्ह्याच्या अक्षरांनी सुरू होणारे सगळ्यात निवांत, पण त्यांचा चढ कधीकधी फार अंगावर येतो. अपवाद आहेत, काही तीन आकडी रस्तेही चौपदरी आहेत. तेव्हा क्रमांकापेक्षा पाटीच्या रंगावर विश्वास ठेवा: निळी पाटी दिसली की तो महामार्ग, तिथून वळायचं.

अपवाद सांगतो तो रोंदाचा. रोंदा सुंदर आहे यात वाद नाही. १७९३ मध्ये पुरा झालेला तिथला पूल दरीच्या तळापासून जवळजवळ शंभर मीटर उंच आहे, आणि कठड्यावरून खाली बघताना पक्षी आपल्या पायाखालून उडतात. पण किनाऱ्यावरून रोंदाला चढणारा ए-३९७ हा रस्ता मोटारसायकलवाल्यांचा लाडका आहे, आणि त्याला समांतर असा कुठलाही महामार्ग नाही. म्हणजे सगळी वाहनं त्याच एका रस्त्यावर. फोटोत तो घाट अगदी मोकळा दिसतो. शनिवार-रविवारी तिथे सायकल घालू नका.

शांततेचा दुसरा अर्धा भाग घड्याळात असतो, आणि तो बाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. इथे दुपारचं जेवण दोनला सुरू होतं. अडीच ते पाच या वेळात दुकानं बंद, शेतं रिकामी, रस्ते रिकामे. एप्रिलमध्ये डोंगरात ऊन सोसवण्यासारखं असतं, तेव्हा मी घाट याच वेळात चढतो. आपल्याकडे पहाटे पाचला निघायची सवय असते, ती इथे उपयोगाची नाही. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे आहे. एप्रिलच्या सुरुवातीला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि मावळतो पावणेनऊच्या आसपास. सकाळी नऊला निघालात तरी दिवस मोठा आहे. रविवारी सकाळी मात्र मोटारसायकलींचे जथे डोंगरात येतात, म्हणून मोठ्या घाटाचा दिवस सोमवार ते शुक्रवारमध्ये बसवा. आणि तिकिटं काढण्याआधी ईस्टर कधी आहे ते बघाच. तो कधी मार्चअखेर येतो, कधी एप्रिलच्या मध्यावर. त्या आठवड्यात मिरवणुकांसाठी सगळा देश रस्त्यावर असतो, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दुप्पट भावाने.

आता अंतराचं. मी माझ्या गटाला किलोमीटर सांगतच नाही, चढ सांगतो. सामान लादलेली सायकल घेऊन पन्नाशीतला सराव असलेला माणूस तासाला ४०० ते ५०० मीटर उंची चढतो. हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. दिवसाला १,००० ते १,२०० मीटर चढ ठेवला तर संध्याकाळी गावात फिरायला पाय शिल्लक राहतात. १,५०० च्या वर गेलं की तिसऱ्या दिवशी जोडप्यांत बोलणं कमी व्हायला लागतं, हे मी पाहिलंय. इथे १,२०० मीटर चढ कधी ४० किलोमीटरमध्ये भरतो तर कधी ७० मध्ये. तुमचे १०० किलोमीटर सोडून द्या.

उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगतो. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. आल्पुखारातलं त्रेवेलेस हे गाव, जिथे शाळा आहे, दवाखाना आहे, म्हातारे उन्हात बसलेले असतात, ते १,४७६ मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम १७० मीटर खाली. आणि आल्पुखाराहून उत्तरेला डोंगर ओलांडणारी राग्वाची खिंड २,००० मीटरवर. पण घाबरू नका, चढ लांब असतो, तीव्र नसतो. ऑर्खिवा साधारण ४५० मीटरवर, तिथून पाम्पानेयरा १,०५० मीटरवर, मधलं अंतर १४ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सरासरी चार-साडेचार टक्के. तुमचा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट तुम्ही सलग दोनदा चढून पाहा. न थांबता, घाम पुसायलासुद्धा न थांबता. दुसऱ्या चढाईत गप्पा मारता येत असतील तर इथे तुम्हाला काहीही अडचण नाही. एकदा पोलादपूरहून महाबळेश्वर केलंत तर सोन्याहून पिवळं, कारण शेळीवाट जवळजवळ तशीच आहे: समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरपर्यंत, मध्ये फारसा उतार नाही.

माझ्या मते नऊ दिवस असे जावेत.

पहिला दिवस मालागात. सायकल जोडा किंवा भाड्याची असेल तर ताब्यात घ्या, आणि संध्याकाळी किनाऱ्याने २० किलोमीटर फिरून या. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने पूर्वेला नेर्खा आणि पुढे आल्मुन्येकार, सगळं मिळून ७५-८० किलोमीटर. हा एन-३४० जुना रस्ता, लांबची वाहतूक ए-७ वर गेलेली. मालागाच्या बाहेरचा पहिला भाग शांत नाही, हे आधीच सांगतो. गावामागून गावं आणि सिग्नल. नेर्खा संपलं की रस्ता कड्यावर चढतो आणि तिथून मजा सुरू होते.

तिसरा दिवस शेळीवाटेचा. आल्मुन्येकारहून खेते, ओतीवार या गावांतून वर. या दरीत आंबा, अवोकाडो आणि चिरीमोयाच्या बागा आहेत. चिरीमोया हे आपल्या सीताफळाच्याच कुळातलं फळ, वरून जरा गुळगुळीत. एप्रिलमध्ये हंगाम संपत आलेला असतो, रस्त्याकडेला मिळालं तर घ्या, पण दाबून मऊ असेल तेच. ओतीवारनंतर पाणी नाही, दुकान नाही. तिथेच बाटल्या भरायच्या, प्रत्येकी दोन लिटर. वर कातळ सुरू झाला की मागे वळून बघा, समुद्र दिसतो. माथ्यानंतर पठारावरून सुस्पिरो देल मोरो खिंडीकडे आणि पादूलला मुक्काम, सुमारे ५५ किलोमीटर. 'सुस्पिरो देल मोरो' म्हणजे मूराचा निःश्वास. मूर म्हणजे इथे कित्येक शतकं राज्य केलेले मुसलमान. १४९२ मध्ये ग्रानादा सोडून जाताना शेवटचा मूर राजा बोआब्दिल याने इथून वळून शहराकडे पाहिलं, अशी आख्यायिका आहे. त्याला तहात मिळालेली जहागीर आल्पुखारातच होती, म्हणजे पुढचे काही दिवस तुम्ही त्याच्याच वाटेने जाणार आहात.

चौथा दिवस हलका: लेक्रीनच्या खोऱ्यातून ऑर्खिवा. संत्र्या-लिंबांच्या बागा, फुलांचा वास रस्ताभर. निगुएलास, मेलेखीस, रेस्ताबाल अशी छोटी गावं, बाजूने गेलेला ए-४४ महामार्ग दरीत कुठेतरी ऐकू येतो तेवढाच. या दिवशी मुद्दाम उशिरा निघा, आदल्या दिवसाचे पाय आहेत.

पाचवा आणि सहावा दिवस हा माझ्यासाठी या सगळ्या प्रवासाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. ऑर्खिवाहून ए-४१३२ वर चढताना सुरुवातीला बदाम आणि ऑलिव्ह, मग हळूहळू चेस्टनट. एका वळणावर पोकेयराची दरी उघडते आणि एकावर एक तीन पांढरी गावं दिसतात: पाम्पानेयरा, बुबियोन, कापिलेयरा. घरांची छपरं सपाट, वर राखाडी माती ठोकून बसवलेली, आणि टोपी घातलेली धुराडी. खूप दिवस मला वाटायचं की ही शांतता म्हणजे आवाज नसणं. मग लक्षात आलं की इथे सतत एक आवाज असतो, पाण्याचा. मूरांनी हजारेक वर्षांपूर्वी बांधायला घेतलेले पाट आजही वाहते आहेत. बर्फ वितळलं की पाणी डोंगराच्या कडेकडेने फिरवत शेतांपर्यंत आणतात, आणि कुणाची पाळी कधी हे ठरलेलं असतं. त्याला इथे 'आसेकिया' म्हणतात, शब्द मूळचा अरबी. तुमच्याकडे धुळ्याच्या बाजूला पांझरेवर फडपद्धतीत पाण्याची पाळी असते ना, तोच विचार. चढताना मोटारीत बसलेल्याला हे पाणी ऐकू येत नाही. ताशी नऊ किलोमीटरने जाणाऱ्याला येतं.

दहाच्या सुमारास गावात हॉर्न ऐकू आला तर दचकू नका. ती पाववाल्याची व्हॅन असते. बायका पिशव्या घेऊन दारात येतात, तुम्हीही रांगेत उभे राहा. पिट्रेसच्या अलीकडे एका वळणावर मी असाच थांबलो होतो, पाववाल्याने पाव देताना माझ्या सायकलचं मागचं चाक दाबून पाहिलं, मान हलवली आणि व्हॅनमधून मोठा पंप काढून दिला. हवा खरंच कमी होती.

पोर्तुगोस गावाबाहेर रस्त्यालगत 'फुएन्ते आग्रिया' म्हणून झरा आहे. पाण्यात लोह आणि सोड्यासारखे बुडबुडे, दगड गंजासारखे लाल झालेले. जिभेवर लोखंडी खिळा ठेवल्यासारखी चव लागते. घोटभर प्या, बाटली मात्र त्याने भरू नका. गावातल्या इतर नळांवरचं पाणी चांगलं असतं, पण 'नो पोताब्ले' अशी पाटी असेल तर ते पिण्याचं नाही.

पाचव्या दिवशी कापिलेयरा किंवा पिट्रेसला राहा, सहाव्या दिवशी त्रेवेलेस ओलांडून खुविलेस, बेर्चुलेस. त्रेवेलेसनंतर वाहनं आणखी कमी होतात, कारण सहलीच्या बस तिथूनच परत फिरतात. सातव्या दिवशी उतरत उतरत उगीखार. आठव्या दिवशी हवा चांगली असेल तर राग्वाची खिंड ओलांडून ग्वादिक्सच्या बाजूला, आणि नवव्या दिवशी ग्वादिक्सहून ग्रानादापर्यंत रेल्वे आणि पुढे मालागा. सायकल नेण्याचे नियम गाडीगणिक वेगळे आहेत, तिकीट काढतानाच सायकलची जागा घ्या. हवा वाईट असेल तर राग्वा सोडा, आठवा दिवस डोंगरातच घालवा आणि ए-३४८ ने ऑर्खिवाला परत या. आखणीत एक दिवस असा सोडता येण्यासारखा ठेवलाच पाहिजे.

तुम्हाला रोंदाच हवं असेल, तर माझी हरकत नाही, पण मग आल्पुखारा सोडा. नऊ दिवसांत दोन्ही करायला गेलात तर मधला सगळा वेळ मोठ्या रस्त्यांवर जाईल. त्या बाजूला खेनाल नदीचं चेस्टनटचं खोरं आणि ग्रासालेमा ते साआरा हा पालोमासच्या खिंडीचा घाट, हे दोन्ही शांत आणि देखणे आहेत. फक्त ग्रासालेमा हा स्पेनमधल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक आहे. वर्षाला २,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, इगतपुरीकरांना नवल नाही, पण इथे तो हिवाळा-वसंतात पडतो. एप्रिलमध्ये तीन दिवस भिजायची तयारी ठेवा. खेनाल खोरं मी नोव्हेंबरमध्ये करतो, पानं तांबूस झालेली असतात तेव्हा. घाटच नको असतील, तर पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा ही ३६ किलोमीटरची जुनी रेल्वेवाट आहे. रेल्वे कधी सुरूच झाली नाही, ३० बोगदे तसेच राहिले. चढ किरकोळ, वाहन एकही नाही. रुंद टायर आणि पुढचा दिवा लागतो.

सायकलचं थोडक्यात. पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र सारख्या दातांचं असावं, ३४ ला ३४. त्याहून हलकं असेल तर उत्तमच. पन्नाशीत हलका गिअर लावण्यात काही कमीपणा नाही, गुडघे तुमचेच आहेत. टायर ३२ मिलिमीटर. आणि पंक्चरचं सामान भरपूर, कारण पंढरपूरच्या वाटेवर ज्याने तुमचे टायर फोडले असतील तो सराटा, गोखरू, इथेही आहे. तीच वनस्पती, तेच तीन-चार टोकांचे काटे. सायकल गवतात आडवी टाकू नका, उचलून भिंतीला लावा.

फोनवरच्या नकाशाने रस्ता सुचवला की तो 'राम्ब्ला'तून जात नाही ना ते बघा. राम्ब्ला म्हणजे कोरडं नदीपात्र. इथे लोक त्यातून गाड्या नेतात, म्हणून नकाशा त्याला रस्ता समजतो. वाळूत चाक रुततं, आणि डोंगरात पाऊस झाला तर पाणी अचानक येतं.

कायद्याचं दोन ओळींत. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. मोटारीने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि बहुतेक जण ठेवतात. दोघांनी शेजारी शेजारी चालवायला परवानगी आहे. मागून गाडी आली आणि बराच वेळ हॉर्न न देता मागेच राहिली, तर ती जागा मिळायची वाट बघतेय. घाबरून कडेला खडीत उतरू नका. सरळ चालवत राहा.

तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय. त्रेवेलेस हे डुकराच्या वाळवलेल्या मांसासाठी प्रसिद्ध आहे, प्रत्येक दुकानात छताला मांड्या टांगलेल्या असतात, हे मनाशी धरूनच जा. "शाकाहारी" म्हटलं तरी काही ठिकाणी सॅलडवर ट्यूना येतो, कारण त्यांच्या हिशेबी मासा म्हणजे मांस नव्हे. "सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून" (मांस नको, हॅम नको, ट्यूना नको) असं तिन्ही सांगा. सकाळी टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घातलेला भाजलेला पाव, दुपारी बटाट्याचं जाड ऑम्लेट (अंडं चालत असेल तर), पिस्तो ही मिश्र भाजी, पालक-छोले. सालमोरेखो हे थंड टोमॅटोचं सार मागवलंत तर वर मांसाचे तुकडे पेरलेले असतात, आधी सांगा. आणि एक पदार्थ चुकवू नका: वांग्याच्या तळलेल्या चकत्या आणि वरून उसाची काकवी. हो, काकवीच. मूरांनी या किनाऱ्यावर ऊस आणला. नेर्खाच्या वर डोंगरात असलेल्या फ्रिखिलियाना गावात ती अजून करतात. माझ्या गटातल्या कोल्हापूरच्या एका काकूंनी ती बाटली विकत घेऊन रोज पावाला लावून खाल्ली.

रविवारी आणि रोज दुपारी दुकानं बंद असतात. म्हणून पिशवीत नेहमी एका जेवणाचं खाणं ठेवा. चिक्की, खजूर, भाजलेले शेंगदाणे, जे तुमच्या पोटाला ओळखीचं आहे ते.

आता वहिनींच्या उताराचं. हा प्रश्न तुम्ही शेवटी ठेवलात, मी तो पहिला धरतो, कारण या डोंगरात मी पाहिलेले सगळे अपघात उतारावरचे आहेत. भीती वाटते ती बरोबर वाटते. तिला समजावून घालवू नका, तिला साधनं द्या.

पहिलं साधन, ब्रेक ओळखणं. आपल्याकडे अनेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. स्पेनमध्ये भाड्याच्या सायकलला तो बहुधा डाव्या हाताला असतो. सपाटीवर काही फरक पडत नाही. उतारावर वळणात अचानक काही आलं की हात जुन्या सवयीने दाबतो, आणि पुढचं चाक अडकतं. म्हणून पहिल्या संध्याकाळी मालागात मोकळ्या जागेत पंधरा-वीस वेळा थांबून बघा. दुकानदाराला सांगितलं तर तो केबल बदलूनही देतो. दुसरं, वाहनं उजव्या बाजूने चालतात. डावीकडच्या नागमोडी वळणात आपण बाहेरच्या कडेला असतो, दरी शेजारी. नजर दरीकडे नको, वळणाच्या शेवटाकडे हवी. सायकल नजरेमागे जाते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडलेला हवा. सतत धरून ठेवायचा नाही, धरायचा, सोडायचा. आणि पुढे वहिनींना ठेवा, तुम्ही मागे. पुढच्या माणसाला गाठायची घाई हाच उतारावरचा सगळ्यात मोठा धोका आहे.

तिसरं साधन ऊब. याचा धडा मला राग्वावर मिळाला. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये दक्षिणेकडून चढलो. खाली बदामाची झाडं, मी हाफ पँटीत, घामाने भिजलेला. माथ्यावर सावलीत बर्फ होतं. उत्तरेकडे ला कालाओर्रापर्यंतचा उतार तेरा-चौदा किलोमीटरचा, उंची सुमारे २,००० वरून १,२०० वर. तिसऱ्या किलोमीटरला बोटं आहेत की नाहीत ते कळेना. ब्रेक दाबतोय असं वाटत होतं, सायकल मात्र वेग घेत होती. कसाबसा तळहाताच्या जोरावर लिव्हर ओढून कडेला थांबलो आणि दोन्ही हात काखेत घालून बसलो. पंधरा मिनिटं. खाली गावातल्या चहा-कॉफीच्या टपरीवजा बारमध्ये म्हातारीने कप माझ्यासमोर ठेवला नाही, माझे दोन्ही हात धरून त्याभोवती ठेवले. निघताना तिने कालचं वर्तमानपत्र दिलं आणि अंगरख्याच्या आत, छातीवर ठेवायची खूण केली. तेव्हापासून मी प्रत्येक खिंडीत माथ्यावर थांबतो, घामाचा बनियन बदलतो, छातीवर वर्तमानपत्र घालतो, पूर्ण बोटांचे हातमोजे चढवतो आणि मगच उतरतो. ज्या दिवशी घाम कमी आलाय त्या दिवशीसुद्धा.

वहिनींना सांगा, उतारावर दर दोन किलोमीटरला थांबायचं, ठरवून. हात झटकायचे, रिम किंवा डिस्क थंड होऊ द्यायची, दरी बघायची. तेरा किलोमीटरचा उतार आमच्या गटाला या पद्धतीने पाऊण तास लागतो. शेळीवाटेनंतर पादूलकडे जाणारा उतार सौम्य आहे, तिथे सराव होईल. बेर्चुलेसहून उगीखारचा त्याहून जरा जास्त. या दोन्हींत हात सैल राहिले तर राग्वा घ्या. नाही राहिले तर राग्वाला मालवाहू टॅक्सीने सायकली पलीकडे नेता येतात, ऑर्खिवात किंवा उगीखारात मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी विचारून ठेवा.